निकेल न सापडलेला दगड : खाडीकाठच्या एका ‘अशनी’चे प्रकरण

पार्श्वभूमी

गणपतीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरले, त्या आठवड्यात द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी गोणपाटात गुंडाळलेला दगड घेऊन आमच्या रसायनशास्त्र विभागात आला. त्याचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावात आहे. गावाचे, घराण्याचे व महाविद्यालयाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. दगड सोललेल्या नारळाएवढा, काळा, एका बाजूने गुळगुळीत आणि हाताला अपेक्षेपेक्षा जड होता. पणजोबांनी एका रात्री खाडीपलीकडे मोठा उजेड पाहिला आणि दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधाशी हा दगड मिळाला, अशी घरातली आठवण होती. तेव्हापासून तो पडवीत होता आणि गेली कित्येक वर्षे मिठात घातलेल्या कैऱ्यांच्या बरणीवर वजन म्हणून ठेवला जात होता.

दगडाकडे एकाएकी लक्ष जाण्याचे कारण वेगळे होते. मुंबईहून आलेल्या एका दलालाने हा दगड अशनी असून त्यात इरिडियम आहे, त्याचे काही लाख रुपये येतील, मात्र आधी ‘तपासणी फी’ म्हणून चाळीस हजार भरावे लागतील, असे कुटुंबाला सांगितले होते. मुलाच्या काकांनी पाच हजार देऊनही टाकले होते. तांदूळ ओढणाऱ्या भांड्यांच्या नावाखाली चाललेली फसवणूक ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. मुलाला संशय आला आणि उरलेले पैसे जाण्याआधी तो दगड आमच्याकडे घेऊन आला.

प्रश्न

प्रश्न वरवर एकच होता : हा दगड आकाशातून आला आहे का? पण त्याला एक पोटप्रश्नही होता. अशनी असलाच, तर त्यात लाखांचे इरिडियम असू शकते का? याचे उत्तर दगडाला हात न लावताही देता येत होते आणि ते आम्ही त्याच दिवशी दिले. सामान्य कॉन्ड्राइट, म्हणजे सर्वांत जास्त आढळणाऱ्या दगडी प्रकारच्या, अशनीत इरिडियम किलोमागे साधारण अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम असते. आमच्या तराजूवर दगड २ किलो ८४० ग्रॅम भरला. म्हणजे तो अस्सल अशनी ठरला असता तरी त्यातील इरिडियम जेमतेम दीड-दोन मिलिग्रॅम निघाले असते. अशनीला किंमत येते ती संग्राहकांच्या आणि संशोधकांच्या लेखी. वितळवून विकण्यासारखे त्यात काही नसते.

तरीही इरिडियमच्या गप्पेला एक खरा धागा आहे. पृथ्वीच्या कवचात हा धातू फारच विरळ आहे, कारण पृथ्वी वितळलेली असताना तो लोहाबरोबर गाभ्यात उतरला. अशनीत तो टिकून आहे. १९८० साली लुइस व वॉल्टर अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या एका पातळ थरातील जादा इरिडियमवरून ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर झालेल्या लघुग्रहाच्या आघाताचा माग काढला. आमच्या पायाखालचा काळा कातळ त्याच सुमारास लाव्हा म्हणून पसरत होता. दलालाला यातले काही ठाऊक असण्याचा संभव नाही, पण शब्द त्याने नेमका उचलला होता.

मोजपट्टी : सौर अभ्रिकेतील रसायन

पुढचे सगळे निर्णय ज्या एका कल्पनेवर उभे आहेत, ती येथे नीट सांगितली पाहिजे. अशनी काळा असतो, जड असतो, चुंबकाला चिकटतो ही झाली लक्षणे. ती लक्षणे का असतात याचे उत्तर सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी नवजात सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीत, म्हणजे सौर अभ्रिकेत, दडलेले आहे.

विद्यार्थ्यांना हे समजावताना मी मिठागराचा दाखला देते. शिरोड्याचे मिठागर १९३० च्या सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक आहे, पण तेथे पाणी आटताना क्षार कोणत्या क्रमाने बसतात याकडे कोणी पाहत नाही. आधी चुनखडीचा क्षार बसतो, पाणी पाचव्या हिश्श्यावर आले की जिप्सम, दहाव्या हिश्श्याच्या आसपास खाण्याचे मीठ, आणि शेवटी उरते ते मॅग्नेशियमचे कडू पाणी, जे वेळेवर सोडून दिले नाही तर मीठ कडवट होते. कोणत्या आगरात कोणता थर सापडला, यावरून तेथे पाणी किती आटले होते हे जाणकार सांगू शकतो.

अभ्रिकेतही असाच क्रम होता. फरक असा की तेथे पाणी आटत नव्हते, तर तापलेला वायू निवत होता, आणि दाब इतका कमी होता की बहुतेक पदार्थ द्रवरूप न घेता वायूतून थेट घनरूपात येत. लॉरेन्स ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये वातावरणाच्या एक हजारांश दाबासाठी हा क्रम गणिताने मांडला. १७५० केल्विनच्या आसपास प्रथम कुरुंद, सुरीला धार लावण्याच्या दगडातले तेच खनिज. मग कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची मेलिलाइट, पेरोव्हस्काइट, स्पिनेल यांसारखी खनिजे. १४७० केल्विनच्या सुमारास लोह आणि निकेल यांची मिश्रधातू. लगोलग मॅग्नेशियमचे फॉर्स्टेराइट, म्हणजे ऑलिव्हिन या खनिजाचे लोहविरहित रूप. आणि नंतर एन्स्टेटाइट हे मॅग्नेशियमचेच दुसरे खनिज. इरिडियम, ऑस्मियम यांसारखे दुर्द्राव्य, म्हणजे सहजी न वितळणारे, धातू पहिल्या खनिजांबरोबरच सूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडतात. सर्वांत आधी बसलेला हा ‘गाळ’ ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत पडलेल्या ॲलेंडे अशनीत पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. सूर्यमालेचे वय आपण त्याच ठिपक्यांवरून मोजतो.

बराच निवल्यावर, सुमारे ७०० केल्विनला, वायूतील हायड्रोजन सल्फाइड लोहधातूवर बसते आणि ट्रॉइलाइट हे सल्फाइड तयार होते. या तापमानावर दाबाचा परिणाम होत नाही, कारण अभिक्रियेत वायूचा एक रेणू खर्ची पडतो आणि हायड्रोजनचा एक रेणू सुटतो. पदवीच्या वर्गात ला शातेलिएचे रासायनिक समतोलाचे तत्त्व शिकवताना याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आमच्या प्रकरणात मात्र दोन गोष्टी निर्णायक होत्या. पहिली म्हणजे ऑक्सिजन. अभ्रिकेत हायड्रोजन इतका होता की त्याच्या दर हजार-दोन हजार रेणूंमागे पाण्याच्या वाफेचा साधारण एक रेणू पडे. अशा वायूत लोह गंजू शकत नाही, ते धातूच राहते आणि सिलिकेटांत, म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजनच्या खनिजांत, मॅग्नेशियमला जागा मिळते. लोह सिलिकेटांत शिरते ते मागाहून, निवलेल्या आणि अधिक ऑक्सिजनयुक्त परिस्थितीत. याच्या उलट, कार्बन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण नेहमीच्या अर्ध्यावरून एकाच्या जवळ गेले तर ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो आणि कॅल्शियमसारखे धातूही ऑक्साइड सोडून सल्फाइडच्या रूपात बसू लागतात. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातेत दियोदर येथे पडलेला ऑब्राइट अशनी याच दुर्मीळ घराण्यातला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे निकेल. लोह आणि निकेल जवळजवळ एकाच तापमानाला घनरूप होतात. सूर्याच्या द्रव्यात लोहाच्या सतरा-अठरा भागांमागे निकेलचा एक भाग असल्यामुळे अभ्रिकेत तयार झालेला धातू निकेलशिवाय असूच शकत नाही. काही लोहाचे ऑक्सिडीकरण झाले तर उरलेल्या धातूतील निकेलचा वाटा उलट वाढतो. जी. टी. प्रायर यांनी १९१६ मध्येच नोंदवले होते की कॉन्ड्राइटात धातू जितका कमी, तितका तो निकेलने समृद्ध. पृथ्वीवरच्या खडकांतून भट्टीत काढलेल्या लोखंडाचे तसे नाही, कारण आपल्या वाट्याचे बहुतेक निकेल गाभ्यात गेले आहे.

समोरचे पर्याय

तीन मार्ग होते. दगड आहे तसा कोलकात्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पाठवणे, हा पहिला. देशात पडलेल्या अशनींचे जतन याच संस्थेकडे असते आणि अस्सल अशनी असता तर तोच मार्ग उचित होता. दुसरा, दगडाला इजा न करता आमच्याकडे होतील तेवढ्या चाचण्या करणे. तिसरा, कोपरा कापून आतले पाहणे. आम्ही दुसऱ्यापासून सुरुवात केली. तपासणीविना प्रत्येक काळा दगड कोलकात्याला पाठवू लागलो तर तेथील लोक काय म्हणतील, हाही विचार मनात होता, आणि तो पूर्णपणे योग्य होता असे आता म्हणवत नाही.

पहिला टप्पा : सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण

दगड पाण्यात बुडवून तोलला. ८३० घनसेंटिमीटर पाणी बाजूला झाले, म्हणजे घनता ३.४२, सामान्य कॉन्ड्राइटात चपखल बसणारी. न्हाणीघराच्या लादीच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड ओढला तर करडी-काळी रेघ उमटली. जांभ्यातील लोहाची गाठ असती तर ती तांबडी किंवा पिवळट यायला हवी होती. दोऱ्याला टांगलेले चुंबक दगडाकडे ओढले गेले. येथे आमच्या हातून पहिली चूक झाली. एका उत्साही विद्यार्थ्याने ताकदवान निओडिमियम चुंबक दगडावर सगळीकडे फिरवले आणि मी ते पाहत उभी राहिले. दगड अशनी असता, तर प्राचीन चुंबकीय क्षेत्राची त्यात जपलेली नोंद त्या एका मिनिटात पुसली गेली असती.

या टप्प्यावर आमचा कल अशनीकडे झुकला होता. आज मागे वळून पाहता लक्षात येते की या तिन्ही चाचण्या फक्त जांभा आणि बेसॉल्ट यांना बाद करतात. लोह आणि सिलिकेट यांचे मिश्रण असलेला कोणताही पदार्थ त्यांतून पार होतो.

दुसरा टप्पा : कापावे की न कापावे

दगड कापण्याची परवानगी घरच्यांकडे मागावी लागली. ती देण्याचा अधिकार आजींचा होता. त्या म्हणाल्या, “कापा हवा तर, पण अमावास्या जाऊ दे, आणि अर्धा मला परत हवा.” दोन्ही अटी पाळल्या. लाद्या कापणाऱ्या कारागिराकडच्या डायमंड ब्लेडने, अगदी सावकाश, दगडाचे दोन भाग केले आणि कापलेला पृष्ठभाग चारशेपासून दोन हजारांपर्यंतच्या पॉलिश पेपरवर घासला. पाण्याने गंज धरू नये म्हणून स्पिरिट वापरले.

भिंगाखाली करड्या पार्श्वभूमीवर चांदीसारखे चमकणारे ठिपके दिसले. सगळे गोल. टाचणीच्या टोकाएवढे, काही मोहरीएवढे. वर्गात “कॉन्ड्रूल, कॉन्ड्रूल” असा गलका झाला.

या गलक्यात एक मूलभूत गोंधळ होता आणि तो तेथेच थांबवायला हवा होता. कॉन्ड्रूल गोल असतात हे खरे, पण ते सिलिकेटचे थेंब आहेत. अभ्रिकेतील धुळीचे गोळे क्षणिक उष्णतेने वितळले आणि काही तासांत, फार तर दिवसांत, थिजले. त्यांत ऑलिव्हिन, पायरॉक्सिन आणि काच असते. कॉन्ड्राइटातील धातू मात्र सहसा वेडावाकडा, कणांच्या फटींत शिरलेला असतो. आमच्या दगडात नेमके उलटे होते : धातू गोल आणि सिलिकेट लांबट पात्यांसारखे. द्रव लोह द्रव सिलिकेटात मिसळत नाही, पाण्यातल्या तेलासारखे त्याचे थेंब होतात. म्हणजे हा पदार्थ अख्खाच्या अख्खा वितळला होता. विभागात दाखवण्यासाठी विकत घेतलेला, वायव्य आफ्रिकेच्या वाळवंटात सापडलेल्या कॉन्ड्राइटचा एक काप होता. तो शेजारी ठेवल्यावर फरक शिकाऊ डोळ्यालाही दिसला.

तरी माझी सहकारी, जी भूशास्त्र शिकवते, तिने एक रास्त शंका काढली. कॉन्ड्रूल दिसत नाहीत म्हणून दगड अशनी नाही, असे म्हणता येत नाही. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे पडलेला अशनी एल-६ वर्गातला आहे आणि या वर्गात कॉन्ड्रूलांच्या कडा पार पुसट झालेल्या असतात. मूळ लघुग्रह आतून तापल्याचा तो परिणाम असतो. ती उष्णता मुख्यतः ॲल्युमिनियम-२६ या अल्पजीवी समस्थानिकाची. त्याचा अर्धायुकाल सुमारे सात लाख वर्षांचा, आणि तो कधी काळी होता हे ॲलेंडेच्या पांढऱ्या ठिपक्यांतील जादा मॅग्नेशियम-२६ वरून १९७६ मध्ये सिद्ध झाले. काही लघुग्रह तर पूर्ण वितळले. तेव्हा पोतावरून निकाल देणे घाईचे ठरले असते. निकेलकडे वळणे भाग होते.

तिसरा टप्पा : लाल रंगाची फसगत

निकेलची चाचणी पदवीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत होते. धातूचा कीस आम्लात विरघळवायचा, अमोनियाने द्रावण अल्कधर्मी करायचे आणि डायमिथाइल ग्लायॉक्सिमचे अल्कोहोलातील द्रावण घालायचे. निकेल असेल तर गुलाबी-लाल साका येतो. दोन विद्यार्थ्यांनी दुपारच्या सुट्टीत ती केली, परीक्षानळीत लाल रंग उतरला, आणि मी जेवून परत येईपर्यंत “निकेल सापडले” हा संदेश नळीच्या छायाचित्रासह वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरून गावात पोहोचला होता. संध्याकाळी दलालाचा काकांना फोन आला. त्याने फी साठ हजारांवर नेली होती.

नळी मी उजेडात धरून पाहिली. द्रावण लाल होते, पण तळाशी गुलाबी साका नव्हता. होता तो तपकिरी गाळ. विद्यार्थ्यांनी नुसते हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले होते, त्यामुळे लोह फेरस अवस्थेत राहिले होते, आणि फेरस लोहही याच अभिकारकाबरोबर लाल, पण विरघळलेले संयुग देते. शिवाय टार्टारिक आम्ल न घातल्यामुळे अमोनियाने लोहाचा हायड्रॉक्साइड खाली बसला होता.

चाचणी पुन्हा केली. या वेळी नायट्रिक आम्लाने सर्व लोह फेरिक केले, ते द्रावणात धरून ठेवण्यासाठी टार्टारिक आम्ल भरपूर घातले आणि मगच अमोनिया. शेजारी दोन तुलनेच्या नळ्या लावल्या : एकीत तांबे-निकेलच्या जुन्या एक रुपयाच्या नाण्याचा कीस, दुसरीत आफ्रिकेच्या कॉन्ड्राइटातील धातूचा कण. त्या दोन्हींत गुलाबी साका काही सेकंदांत आला; कॉन्ड्राइटच्या कणाचा तर इतका भरघोस की विद्यार्थी पाहतच राहिले. आमच्या दगडाची नळी पिवळट राहिली. दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती.

चौथा टप्पा : खात्री

एका विद्यापीठात पातळ काप आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांची सोय झाली. सिलिकेटची पाती फायालाइटची, म्हणजे ऑलिव्हिनच्या लोहमय टोकाची निघाली. त्यांच्यामध्ये वुस्टाइट या लोह-ऑक्साइडच्या नेच्याच्या पानासारख्या फांद्या आणि काच होती. धातूतील निकेल यंत्राच्या शोधमर्यादेखाली होते. फायालाइट अशनीत नसतेच असे नाही, काही कार्बनयुक्त कॉन्ड्राइटांत ते जवळजवळ शुद्ध रूपात मिळते. पण तेथे ते पाण्याच्या संसर्गाने मागाहून बनलेले असते आणि वुस्टाइटच्या फांद्यांबरोबर काचेत थिजलेले नसते. फायालाइट, वुस्टाइट, काच आणि निकेलविरहित लोहाचे थेंब हे एकत्र सापडले की उत्तर एकच : लोहाराच्या किंवा लोह गाळणाऱ्याच्या भट्टीतला कीट, म्हणजे लोखंड काढताना उरणारा मळ. वैद्य जुना कीट मंडूर म्हणून ओळखतात. कोळशाची भट्टीही अभ्रिकेसारखी ऑक्सिजनला पारखी असते, म्हणून तेथेही लोह धातुरूपात उरते. मात्र खनिजातच निकेल नसल्याने ते भट्टीच्या लोखंडात येणार कोठून?

आणखी एक खूण आम्ही आधी वाचायला हवी होती. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातला पाऊस, खारी हवा आणि मिठाच्या बरणीचा सहवास सोसूनही आतला धातू लखलखीत होता. कॉन्ड्राइट सच्छिद्र असतो, एवढ्या काळात त्यातील लोह गंजून तांबूस डाग पसरले असते. येथे काचेने प्रत्येक थेंब सीलबंद केला होता.

परिणाम

कुटुंबाला निकाल समजावण्यासाठी आम्ही दोघी तिन्ही नळ्या घेऊन गावी गेलो. काकांनी उरलेले पैसे दिले नाहीत. दिलेले पाच हजार परत आले नाहीत आणि दलालाचा क्रमांक बंद झाला. पणजोबांनी पाहिलेला उजेड खोटा होता असे आम्ही म्हटले नाही. तेजस्वी उल्का कोणालाही दिसू शकते, आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवरचा पहिला अनोळखी दगड तिचाच वाटणे स्वाभाविक आहे.

वेगळे काय करता आले असते

चुंबक फिरवू द्यायला नको होते. निकेलची चाचणी पहिल्याच दिवशी, चिमूटभर किसावर आणि तुलनेच्या नळ्यांसह करता आली असती. तसे झाले असते तर दगड कापावाच लागला नसता. निकाल कळवण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असायला हवे होते. ही व्यवस्था आता विभागात लेखी आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला निदान छायाचित्रे पाठवून सल्ला विचारायला हवा होता, असे माझ्या सहकारीचे मत आहे. मला ते मान्य आहे, जरी त्या वेळी मी विरोध केला होता.

सगळ्यांत खटकते ती गोष्ट प्रयोगशाळेबाहेरची आहे. दगड नेमका कोठे सापडला, हे आम्ही तोंडी विचारले, पण जागा पाहायला गेलो नाही. निकाल सांगायला गेलो त्या दिवशी मुलाने सात-बारा दाखवला. त्यावर शेताचे स्थानिक नाव ‘लोहारमळी’ असे होते. कोकणात मळी म्हणजे नदीकाठची जमीन, आणि धातुकामात मळी म्हणजे कीट. नाव ठेवणाऱ्याच्या मनात कोणती होती कोण जाणे. बांधाच्या कडेने पन्नास पावले चाललो तेवढ्यात तसेच सात तुकडे मिळाले.

दगडाचा अर्धा भाग विभागाच्या कपाटात आफ्रिकेच्या कॉन्ड्राइटशेजारी आहे आणि त्याचा कीस निकेलच्या प्रात्यक्षिकात नकारार्थी नमुना म्हणून वापरला जातो. दुसरा अर्धा आजींनी ठरल्याप्रमाणे परत घेतला. त्याला आता एक सपाट बाजू आल्यामुळे तो बरणीच्या झाकणावर पूर्वीपेक्षा नीट बसतो.